पोळी सोडली, पाणी धरलं

मागचा लेख बर्फातून लिहिला होता, हा इलेक्ट्रॉनिक सिटीतून लिहितोय. एका उपकरणाच्या ट्रेनिंगसाठी आम्हा सहा जणांची बंगळूरूला अटॅचमेंट आहे. उपकरण कोणतं ते विचारू नका. इथं बॅरेक नाही, लंगर नाही, सकाळचं फॉलइन नाही. भाड्याचा फ्लॅट, खाली सोसायटीचा 25 मीटरचा पूल, आणि आजूबाजूला गळ्यात कार्ड अडकवून पळणारी आयटीतली पोरं.

येण्याआधी वार्षिक मेडिकल झालं. वजन 91 किलो, म्हणजे माझ्या उंचीला आणि वयाला जेवढं चालतं त्यापेक्षा 14 किलो जास्त. कॅटेगरी खाली आली. सहा महिन्यांनी पुन्हा बोर्ड, आणि तोवर वजन उतरलं नाही तर प्रमोशन कॅडरला नाव जाणार नाही. सोळा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरी अजून बोललेलो नाही. डाव्या गुडघ्याने उंचावर ओझी वाहून कधीच राजीनामा दिलाय, त्यामुळे पळणं बंद. डॉक्टर साहेब म्हणाले, पोहा.

पोहणं मला नवीन नाही. आमच्या सांगली भागात पोरं पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलतात, दोन उन्हाळ्यांत पोरगं तयार. तेव्हा रोज पहाटे तासभर पोहायला लागलो आणि तीन आठवड्यांनी काट्यावर उभा राहिलो. 92.

कारण सोपं होतं. पाण्यातून बाहेर आलं की अशी भूक लागायची की नाक्यावरच्या दर्शिनीत दोन प्लेट इडली, वर मसाला डोसा, वर गोड फिल्टर कॉफी. तासभरात जाळलेलं वीस मिनिटांत परत. गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूक जास्त लागते, हे पोहणाऱ्या कुणालाही विचारा.

त्या आठवड्यात रात्री वाचता वाचता विल्यम बँटिंग भेटला. हा लंडनचा गृहस्थ. याच्या घराण्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, तोही राजघराण्यापर्यंतचा. उंची 5 फूट 5 इंच, वजन 202 पौंड. किलोत मांडलं तर साडेएक्याण्णव! वाचून मी उठून बसलो. बुटाची नाडी बांधता येत नव्हती, जिना उतरायचा तर उलटं तोंड करून उतरावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. त्याने होडी घेतली आणि रोज पहाटे दोन तास वल्ही मारली. अंगात ताकद आली, पण भूकही राक्षसासारखी वाढली आणि वजन आणखी चढलं. माझा पूल आणि त्याची होडी, दोघांचा हिशेब एकच.

पुढे त्याला ऐकू कमी यायला लागलं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. या हार्वींनी पॅरिसला क्लॉद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. साखर आणि पिष्ट पदार्थ तोडले तर चरबी उतरेल, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी बँटिंगचा पाव, साखर, दूध, बिअर आणि बटाटा बंद केला. मांस, मासे, भाजी, थोडा सुका टोस्ट आणि वाइन एवढं राहिलं. ऑगस्ट 1862 मध्ये सुरुवात केली आणि वर्षभरात 46 पौंड, म्हणजे जवळजवळ 21 किलो उतरले. वय होतं 66. त्याने 1863 मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापली, ती इतकी गाजली की इंग्रजीत डाएट करण्याला बँटिंगच म्हणू लागले. स्वीडिश भाषेत आजही त्यासाठी ‘बान्ता’ हेच क्रियापद आहे. आणि माणूस 81 वर्षं जगला.

आपल्याकडे घराघरात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव आहे, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून आलेलं. तिथं दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं. पण त्यात पोळीभात चालतो, भर किती वेळा खाता यावर आहे. बँटिंगचा भर काय खाता यावर. लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात म्हणून सांगितलं.

मी बँटिंगची वाट धरली. पोळी, भात, इडली, साखर बंद. अंडी, पनीर, मासे, चिकन, पालेभाजी, ताक चालू. इथली माणसं म्हणतात रागी मुद्दे खा, नाचणी हलकी असते. नाचणी चांगलीच, पण पिठातला बराच मोठा भाग पिष्टच असतो. बोर्डापुरता मुद्द्याला लांबून सलाम.

पाच दिवसांत साडेतीन किलो गेलं. मी खूश. सहाव्या दिवशी चौथ्या लॅपला डोळ्यांपुढे अंधारी आली, हात जड झाले आणि पुलाची कड धरून दहा मिनिटं लटकून राहिलो. लाइफगार्ड पोरगा धावत आला. खोल बाजूला असतो तर हा लेख दुसऱ्या कुणी लिहिला असता.

झालं काय, तर शरीरात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, सुमारे चारशे-पाचशे ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पिष्ट बंद केलं की साठा रिकामा होतो आणि ते पाणी निघून जातं. माझं साडेतीन किलो बहुतेक तेच होतं. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंड मीठही जास्त बाहेर टाकतं. त्यात गळ्यापर्यंत पाण्यात राहिलं की लघवी जास्त होते, आणि पाण्यात घाम येतो तो कळतच नाही. चहूकडे पाणी आणि माणूस आतून कोरडा.

आता फौजेची गोष्ट, कारण हा धडा फौजेने आधीच गिरवलाय. अमेरिकन घोडदळाचा लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाटका 1878 मध्ये आर्क्टिकला गेला. फ्रँकलिनची तुकडी 1845 मध्ये निघून हरवली होती, तिची कागदपत्रं शोधायला. इनुइट सोबत्यांबरोबर त्याने जवळजवळ वर्षभर स्लेजवर पाच हजार किलोमीटरच्या वर मजल मारली, आणि शिदोरी संपल्यावर सगळे शिकारीच्या मांसावर जगले. त्याने डायरीत नोंदवलंय की निव्वळ मांसावर आल्यावर आधी अशक्तपणा वाटतो, पण दोन-तीन आठवड्यांत तो जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या पायदळावर प्रयोग झाला. थंडीत जवानांना एकदम पेमिकनवर, म्हणजे सुकं मांस आणि चरबीच्या वड्यांवर ठेवलं. तीन-चार दिवसांत ते मोडले आणि हे रेशन निकामी ठरलं. श्वाटकाने सांगितलेले दोन-तीन आठवडे त्यांना कुणी दिलेच नाहीत. स्टीफन फिनी नावाच्या डॉक्टरने 1983 मध्ये पाच सायकलपटूंवर तपासलं. चार आठवडे आणि पुरेसं मीठ दिलं, तर त्यांचा सावकाश दमसास टिकून राहिला. पण जोराच्या धडकेला साखर लागते ती लागतेच. म्हणजे पूल सावकाश कापायचा, स्प्रिंट मारायची नाही.

डॉक्टर साहेबांना दाखवून मी मीठ वाढवलं: ताकात मीठ, सकाळी मिठाचं सूप. तीन आठवडे अर्ध्या वेगाने पोहलो, तेही एकट्याने कधी नाही. हे वाचून कुणाच्या आबांनी साखरेच्या गोळ्या चालू असताना पोळी सोडू नये. गोळी तीच राहिली आणि पोळी गेली तर साखर धाडकन खाली येते. आणि बीपी असेल तर माझ्या मिठाची नक्कल करू नये.

ज्या जागेत मी पोहतोय ती कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची. केऑनिक्स या सरकारी कंपनीने 1978 मध्ये 332 एकरांवर ही वसाहत उठवली, आर. के. बालिगांच्या डोक्यातून. पाण्याचं मात्र इथं कायम रडगाणं. मार्च 2024 च्या टंचाईत जलमंडळाने पोहण्याच्या तलावांना पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली होती, दंड 5000 रुपये. वॉचमन सांगतो, तेव्हा या पुलात पाला पडून होता. पहाटे उडी मारताना ते आठवतं, थोडं ओशाळायलाही होतं.

आणि आठवतात मुरलीकांत पेटकर. आमच्याच पेठ इस्लामपूरचे, ईएमईचे जवान, मूळचे बॉक्सर. 1965 च्या युद्धात हवाई हल्ल्यात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. हा विचार तेव्हा ताजाच होता. मणक्याच्या जखमी सैनिकांना खाटेवर सडू द्यायचं नाही, खेळवायचं, हे लुडविग गुटमन यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलला 1944 पासून करून दाखवलं होतं, आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. पेटकर 1968 मध्ये तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत मारून त्यांनी सुवर्ण आणलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. सिनेमा आला तेव्हा गावच्या पोरांना नाव कळलं. मलाही फार आधी कळलं होतं असं नाही, खोटं कशाला बोलू.

आज वजन 80.4 आहे. बोर्डाला तीन आठवडे उरलेत आणि साडेतीन किलोच्या आसपास बाकी आहे. आई फोनवर विचारते, भाकरी सोडलीस म्हणे, पोट भरतं का रं? भरतं म्हणून सांगतो, कारण नाही सांगत.

काल ठरवलेला नियम मोडला आणि मोबाइलवर वेळ लावून जोरात दोन लॅप मारल्या. 50 मीटर, दोन्ही पाय मारून, 1 मिनिट 4 सेकंद.