जीपची ट्रान्सफर केस : घरी काय करावे, काय टाळावे

रत्नागिरी - पावसाळा सरला, की जुन्या जीप आणि जिप्सी धुऊन-पुसून अंगणात उभ्या केल्या जातात. इंजिन पाहिले जाते, ब्रेक तपासले जातात. मात्र गाडीच्या पोटाखालच्या ट्रान्सफर केसकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटून देण्याचे काम ही पेटी करते. चिखलात वा खड्या चढावर लागणारा 'लो' गिअरही तिच्यातच असतो.

महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असतो. तेथील ऑइल सील झिजले, की तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. अंगणातला तेलाचा डाग क्षुल्लक वाटतो. आंबा घाटात चढावर थांबवलेली गाडी मागे सरकू लागली, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. तेल प्यालेले लायनिंग पुसून भागत नाही, ते बदलावेच लागते.

प्रत्येक तक्रार म्हणजे बिघाड नव्हे. कोरड्या डांबरी रस्त्यावर 'फोर बाय फोर' लावून वळणे घेतली, की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. तो ताण पेटीत साठतो आणि लिव्हर अडकतो. गाडी थोडी मागे घेतली, तर बहुधा तो सुटतो. लिव्हरवर हातोडी चालवणाऱ्यांनी हे आधी करून पाहावे.

खरा शत्रू पाणी. चिपळूणमध्ये जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये आले तसे पुराचे पाणी गाडीच्या पोटाला लागले, तर ते ब्रीदरच्या छिद्रातून पेटीत शिरू शकते. अशी गाडी चालवण्यापूर्वी तेल पाहणे आवश्यक असते.

काम सपाट जागेवर करावे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनही चाके मोकळीच राहतात. जुन्या जीपचा मागचा शाफ्ट सोडला, की हँडब्रेकही निरुपयोगी ठरतो. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, लोखंडी घोडी वापरावी. हाताशी असलेला जांभ्याचा चिरा टेकू म्हणून मुळीच लावू नये. तो भाराखाली फुटतो.

आधी तेल भरण्याचा वरचा प्लग उघडून पाहावा. तोच गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून टाकले, तर गाडी जागीच अडकते. निघालेले तेल दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. प्लगवर बारीक राखाडी लगदा असणे स्वाभाविक. धातूचे तुकडे दिसले, तर बेअरिंग किंवा दात गेले असे समजावे. ब्रीदर साफ करून पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. काही गाड्यांना गिअर ऑइल लागते, तर साखळीच्या अनेक ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल.

सील बदलताना शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी. सीलच्या ओठाने फ्लँजवर चर पाडली असेल, तर नवे सीलही गळणारच. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखे बसवावे.

पेटी उघडणे, बेअरिंग वा साखळी बदलणे मात्र गॅरेजचे काम. त्यासाठी प्रेस लागतो, शिमची अचूक मापे लागतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या 'ऑल व्हील ड्राइव्ह' गाड्यांना तर घरी हात न लावणेच बरे.

निघालेले तेल डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे पोचेल अशा गॅरेजला द्यावे. कातळ सच्छिद्र आहे. परसात ओतलेले तेल विहिरीच्या पाण्यात उतरू शकते.