पत्ता चुकलेला रानपिंगळा

पूर्वी पहाटे दारात पिंगळा यायचा. कुणाच्या घरी काय घडणार, हे त्याला झाडावरचा पिंगळा सांगतो अशी आपली समजूत. या पक्ष्याचा एक भाऊबंद रानात राहतो, तो रानपिंगळा. तो मात्र स्वतःच एकशे तेरा वर्षं हरवला होता.

१८७२ साली एफ. आर. ब्लुइट यांना तो आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात सापडला. पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी ब्लुइटच्या नावाने त्याची शास्त्रीय नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी कुणाला दिसला नाही.

मग कर्नल मायनर्टझागेन यांच्या संग्रहातला एक नमुना पुढे आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: तापीकाठचं मांडवी, १९१४. सगळ्यांनी विश्वास ठेवला. सालिम अली आणि रिप्ले यांनीही पक्षी शोधला. हाती काही लागलं नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. तो डेव्हिडसनचाच निघाला! संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि वर खोटी चिठ्ठी लावलेला. त्यांनी तो पत्ता बाजूला ठेवला आणि जुन्या, खऱ्या पत्त्यांवर त्या निघाल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. हा दिवसाही वावरणारा पक्षी.

फिलिपिन्सच्या डोंगरी जंगलातल्या बुकिडनॉन वुडकॉकचीही अशीच गत झाली होती. त्याचे नमुने दुसऱ्याच जातीच्या नावाखाली पडून होते. २००१ साली त्याला स्वतःचं नाव मिळालं.

पुढे रानपिंगळा मेळघाटातही आढळला. २०१८ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आला. धोका टळलेला नाही. सागाची रानं तुटतात आणि अपशकुनी म्हणून घुबडांना दगड बसतात.

यवतमाळच्या सागवनातून जाताना दिवसाढवळ्या एखादं लहानसं घुबड दिसलं, तर दगड उचलू नका. तारीख आणि गावाचं नाव वहीत लिहा, पण खरं लिहा. एका खोट्या चिठ्ठीने काय होतं, ते आपण पाहिलंच.