पट्टी, परीक्षा आणि थरथरणारी बोटे

नालासोपाऱ्यात राहणाऱ्या आणि इतिहासाचे वेड असणाऱ्या माणसाने सोपाऱ्याच्या स्तूपावर लिहावे, अशी एक रीतच पडून गेली आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उकरला आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक हौशी संशोधकाची लेखणी तिथूनच सुरू होते. माझीही तिथूनच झाली. यंदाचा विषय मात्र माझ्या स्वतःच्या बोटांनी मला दिला. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पियानो शिकू लागलो. पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले की घरी बरे वाजणारे चार सूर शिक्षिकेसमोर बसले की वाजतच नाहीत. बोटे गार पडतात, थरथरतात, आणि एक चूक झाली की मागोमाग पाच होतात.

वसई परिसरात पियानो शिकणे हे काही अप्रूप नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीज होते. ते गेले, पण चर्चमधले गायन राहिले, पुढे लग्नातले बँड आले, आणि आजही पश्चिमेकडच्या गावांतून संध्याकाळी फिरलात तर एखाद्या घरातून स्वरसप्तकाचा सराव ऐकू येतो. माझी शिक्षिका अशाच एका घरातली, माझ्या मुलीच्या वयाची. ती मला काका म्हणते, मी तिला टीचर म्हणतो. माझ्या आधीच्या तासाला सात वर्षांचा मुलगा असतो आणि तो बिनदिक्कत चुकतो.

मला तसे चुकता येत नाही याचे कारण मला ठाऊक आहे. अकरा वर्षांचा असताना मी एका पेटीच्या वर्गाला जात असे. तिथे चुकीच्या सुराला बोटांच्या पेरांवर फूटपट्टी बसे, तीही आडवी नव्हे, धारेने. वर्षाअखेर प्रारंभिक परीक्षेला बसलो. परीक्षकांनी प्रेमळपणे भूप वाजवायला सांगितला. मी भाता हलवत राहिलो, पण उजवा हात पट्ट्यांवर ठेवलाच गेला नाही. नंतर बेचाळीस वर्षे मी कुठल्याही वाद्याला हात लावला नाही. तेव्हा ‘ही फूटपट्टी संगीतात आली कुठून?’ हा प्रश्न माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नव्हता.

सवयीप्रमाणे जुन्या पुस्तकांकडे वळलो. फ्रान्समधल्या फ्रांस्वा कूपरँ याने १७१६ मध्ये हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या पूर्वीचे पट्ट्यांचे वाद्य, कसे वाजवावे यावर पुस्तक लिहिले. त्यात फूटपट्टी नाही, आरसा आहे. वाजवताना तोंड वेडेवाकडे होत असेल तर वाद्यावर आरसा ठेवावा, असे तो सांगतो. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. लहान मुलांना शिकवून निघताना तो वाद्याची किल्ली सोबत घेऊन जाई. पाऊण तासात शिकवलेले मुले एकटी असताना क्षणात बिघडवतील, ही त्याची धास्ती. म्हणजे चूक होणार हे त्याने गृहीत धरले होते; ती आपल्या कानाआड होऊ नये, एवढेच त्याला पाहायचे होते.

शंभर वर्षांनी, १८१४ मध्ये, डब्लिनच्या योहान बेर्नहार्ड लोजिए याने एका यंत्राचे पेटंट घेतले. पट्ट्यांसमोर दोन दांड्या, त्यांच्यामधून सरकणारी मनगटे आणि बोटांसाठी खाचा. हात चुकीच्या जागी जाऊच नये, अशी व्यवस्था. त्या काळी ते खूप गाजले आणि त्यावर वादही तितकेच झाले. मला ते चित्र पाहून आमचा वर्ग आठवला. पण न्यायाने सांगायचे तर याच लोजिएने अनेक मुलांना अनेक पियानोंवर एकाच वेळी बसवून शिकवण्याची पद्धत रूढ केली. घोळक्यात एकाची चूक लपते, आणि भित्र्या मुलाला काही काळ असे लपायला मिळणे ही मोठी सोय असते. यंत्र गेले, सामूहिक वर्ग राहिले.

या सगळ्या धुंडाळण्यात मला खरा ठेवा मिळाला तो बेटहोवनचा शिष्य फर्डिनांड रीस याच्या आठवणींत. त्या १८३८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बेटहोवन स्वभावाने तापट, हे जगजाहीर आहे. पण रीस सांगतो की एखाद्या अवघड जागी त्याचा सूर हुकला किंवा बोट भलत्याच पट्टीवर पडले, तर गुरू सहसा काही बोलत नसे. सुराचा चढउतार किंवा त्यातला भाव चुकला की मात्र संतापे. कारण पहिली गोष्ट अपघात, दुसरी समज वा लक्ष नसल्याची खूण. चुकांची ही वाटणी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. पेटीच्या वर्गात मला बसलेले बहुतेक सगळे फटके अपघातांबद्दल होते.

रीसचीच दुसरी हकीकत. एका सरदाराकडच्या मैफलीत वाजवताना त्याच्याकडून एक जागा चुकली. बेटहोवनने मागून त्याच्या डोक्यावर एका बोटाने टिचकी दिली. तिथे बसलेल्या एका राजघराण्यातल्या बाईंनी ते पाहिले. पुढे बेटहोवन स्वतः आपला एक नवा सोनाटा वाजवायला बसला, तेव्हा त्या मुद्दाम त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. एका जागी तो असा अडखळला की कुणी पियानो पुसतो आहे असे वाटावे. बाईंनी त्याच्या डोक्यावर चांगल्या चार-पाच चापट्या मारल्या. शिष्याला एका सुरासाठी एक बोट, तर गुरूला पूर्ण पंजा, हा त्यांचा हिशेब. सगळे हसले, आणि सर्वांत आधी बेटहोवन. मग त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाजवले आणि अप्रतिम वाजवले. आपल्याकडे गुरूच्या थोरवीच्या कथा पुष्कळ आहेत. गुरू शिष्यासमोर चुकला आणि हसला, अशी कथा मी तरी लहानपणी ऐकली नव्हती.

आपल्याकडचा मोठा बदल विष्णू दिगंबर पलुस्करांनी घडवला. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही शिकलेल्या या माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पाठ्यपुस्तके, स्वरलिपी, इयत्ता, परीक्षा असा सगळा सरंजाम त्यात आला. त्यांच्या पश्चात १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा घरोघरी पोचल्या. परीक्षांनी संगीतात भीती आणली, असे जाणकार म्हणतात. मला हे अर्धेच पटते. गुरुगृही चुकीला शिक्षा किती, हे गुरूच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरे. परीक्षेत अभ्यासक्रम छापलेला, परीक्षक बाहेरचा, आणि चुकीची किंमत ठरलेली: दोन गुण, चार गुण. चूक इतकी स्वस्त झाली, ही मुलांवरची मेहेरबानीच होती. अडचण एवढीच की परीक्षेत संधी एकच मिळते आणि सगळा जीव त्या दहा मिनिटांत गोळा होतो. माझ्या बाबतीत तर परीक्षेचा काहीच दोष नव्हता. मी फूटपट्टी मनात घेऊनच तिथे गेलो होतो.

एका संधीचा हा ताण मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वादकांइतका क्वचितच कुणी सोसला असेल. अनेक ट्रॅकवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण करण्याची सोय येण्यापूर्वी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्रच वाजवत. पन्नास-साठ माणसांत एकाचे बोट घसरले की सगळ्यांना पहिल्यापासून. यांतले कितीतरी वादक गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रे मुलांना आधी सूर वाचायला शिकवत, मग वाद्य हातात देत. मेस्त्रेची छडीही होतीच, उगाच सोवळेपणा नको. पण त्या वाचनाचा आधार जन्मभर पुरला. १९२७ मध्ये माजोर्ड्याला जन्मलेले अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून गुरूचे नाव देशभर पोचवले. समोर कागद असला की हरवलेल्याला परतीची जागा सापडते. घाबरलेल्या माणसाला याहून मोठी मदत कोणती?

मोठ्यांची भीती हा वेगळाच अध्याय आहे. शोपँने जाहीर मैफली मोजक्याच केल्या. शिकवण्या करून तो पोट भरी. ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या. होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षे रंगमंचावर आला नाही. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला, तेव्हा सुरुवातीलाच त्याच्याकडून चुकीचे सूर लागले. त्या मैफलीची तबकडी निघाली ती हे सूर दुरुस्त करून. न सुधारलेली मूळ मैफल लोकांना ऐकायला मिळाली २००३ मध्ये. मधली जवळजवळ चाळीस वर्षे घरोघरचे विद्यार्थी त्या निर्दोष तबकडीशी आपली बोटे ताडून पाहत राहिले असणार.

शरीराचे म्हणाल तर भीतीने रक्त हातापायांच्या टोकांकडून आत वळते, म्हणून बोटे गार पडतात. शिवाय सरावाने आपोआप चालणाऱ्या हाताकडे मन पाहू लागले की जिना उतरताना पायरी मोजणाऱ्यासारखी गत होते. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळीने तंतुवादकांची थरथर कमी झाली, असे त्यात आढळले. मी ती वाट धरली नाही.

मी दुसरीच पळवाट काढली होती. आमच्या इमारतीत भिंती पातळ, शेजारच्या वहिनींना कुकरच्या शिट्ट्यांसकट सगळे ऐकू जाते. म्हणून इलेक्ट्रॉनिक पियानो घेतला आणि कानाला हेडफोन लावून वाजवू लागलो. दोन वर्षे माझी एकही चूक कुणी ऐकली नाही. कूपरँ किल्ली का नेत असे, ते मला तेव्हा कळले. स्वतःच शिकत आलेल्या माझ्यासारख्या संशोधकाची खोडही हीच असते: चुका एकट्याने करायच्या, एकट्याने खोडायच्या.

शुमानने १८५० मध्ये तरुण वादकांसाठी छोटे नियम छापले. एका ठिकाणी तो सांगतो की कोण ऐकते आहे याची फिकीर करू नका. दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की नेहमी एखादा उस्ताद ऐकतो आहे असे समजून वाजवा. मी हे टीचरला दाखवले, म्हटले, दोन्ही कसे जमायचे? ती म्हणाली, “काका, आधी हेडफोन काढा. आणि चुकलं की सॉरी म्हणू नका. थांबूही नका. ज्याला ऐकायचंय त्याला पुढचं ऐकू द्या.” मग स्वतः वाजवायला बसली, एका जागी चुकली, आणि न थांबता पुढे गेली. मुद्दाम चुकली की खरीच, हे मी विचारले नाही.

गेल्या डिसेंबरात तिच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम झाला. माझ्या वाट्याला जी मेजरमधला मिन्युएट होता. बाखने पत्नीसाठी केलेल्या १७२५ च्या वहीत तो आहे, म्हणून पिढ्यान् पिढ्या बाखचाच मानला गेला. तो ख्रिस्टियान पेट्झोल्डचा, हे १९७० च्या दशकात नक्की झाले. इतकी वर्षे सगळे पंडित चुकत होते, हे मनाशी घोकत मी मंचावर गेलो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला डावा हात घसरला. मी थांबलो नाही. खाली उतरलो तर पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “अंकल, तुमचं दोनदा चुकलं.”

मी पाच मोजल्या होत्या.

परवाच्या तासाला टीचरने तीच जागा पुन्हा घ्यायला लावली, फक्त डावा हात, सावकाश. खिडकी उघडी होती, बाहेर पुढच्या तासाचा मुलगा चपला काढत होता. बोटे थोडी थरथरलीच.