भाऊसाहेब बांदोडकर आणि न झालेले विलीनीकरण

दोडामार्गाहून डिचोलीकडे निघालेल्या वाटसरूस, मध्ये नाका नसता तर, गोव्याची हद्द कोठे लागली हे कळलेही नसते. माती एक, बोली जवळपास एक, सोयरिकी दोहोंकडच्या. अलीकडचा सावंतवाडी संस्थानाचा मुलूख १९४८ साली मुंबई प्रांतात गेला. पलीकडचा पोर्तुगीजांच्या हातून डिसेंबर १९६१ मध्ये सुटला. ही हद्दच पुसून टाकावी व गोवा महाराष्ट्रात सामील व्हावा, या मागणीवर दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे राजकारण उभे राहिले.

पेडण्यास १९११ साली जन्मलेले हे खाणमालक बहुजनसमाजाचे पुढारी झाले. १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि ते मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणास विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा यांनी जनमताचा आग्रह धरला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणास फूल, वेगळेपणास दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० मते पडली, पानांस १,७२,१९१. मडगावच्या 'राष्ट्रमत'ने विलीनीकरणाविरुद्धची लढाई मराठीतूनच लढविली, हे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला! सासष्टीतील विरोधी मतांचा ढीग जनमतात पुरता मोजला गेला. मतदारसंघांच्या हिशेबात तो तेथल्या जागांपुरताच उरला. हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. खेडोपाडी शाळा काढणारे व कुळांस कायद्याचे संरक्षण देणारे हे सरकार गरिबास आपले वाटू लागले होते. वेगळा गोवा नांदण्याजोगा केला तो त्याचे वेगळेपण नको म्हणणाऱ्याने.

आयर्लंडचा इतिहास वाचलेल्यांस येथे जेम्स क्रेग आठवतील. अल्स्टर ब्रिटनशी जोडलेले राहावे म्हणून एडवर्ड कार्सन यांच्या जोडीने ते झगडले. अल्स्टरवाद्यांनी न मागितलेले वेगळे पार्लमेंट १९२१ साली पदरी पडले, आणि क्रेग १९४० मध्ये मृत्यू येईतो तेथे पंतप्रधान राहिले. मात्र त्यांचे ब्रिटनशी नाते टिकले. बांदोडकरांचे महाराष्ट्राशी जुळलेच नाही.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेब वारले. कन्या शशिकला काकोडकर त्यांच्या जागी आल्या. १९८७ साली कोकणी गोव्याची राजभाषा झाली, मराठीस वापराची मुभा राहिली, आणि ३० मे रोजी गोवा घटकराज्य बनला.