ओंडक्यापासून फळीपर्यंत

लिस्बन शहरासमोर तागुस नदीच्या दक्षिण तीरावर कासिल्यास नावाचे बंदर आहे. तेथे एक जुनी शिडांची युद्धनौका जतन करून ठेविली आहे. तिचे नाव 'दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया'. पोर्तुगालचा राजा आणि राणी यांच्या नावांवरून ते ठेविले गेले. पण नौकेचा जन्म पोर्तुगालात झालेला नाही. ती दमणला बांधली गेली आणि २२ ऑक्टोबर १८४३ रोजी पाण्यात उतरली. तिचे सागवान नगर हवेलीच्या रानातले.

हे रान पोर्तुगीजांच्या हाती कसे आले, हाही मराठी इतिहासाचाच एक भाग आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' या जहाजाचा घात केला. त्याची भरपाई म्हणून, पुणे दरबाराशी १७७९ साली झालेल्या तहाला अनुसरून, १७८३ मध्ये नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. एक जहाज गेले, त्याच्या मोबदल्यात रान आले, आणि त्या रानातून साठ वर्षांनी दुसरे जहाज उभे राहिले. दमणगंगा या रानातून वाहत येऊन दमणजवळ समुद्राला मिळते. रान आणि गोदी यांचे नाते नदीने आधीच जोडून ठेविले होते.

आपण इतिहासात जहाजांची, सेनापतींची आणि तहांची नावे वाचतो. परंतु रानात आडवा पडलेला वृक्ष आणि समुद्रावर तरंगणारी फळी यांच्या मधल्या प्रवासाविषयी आपल्या पुस्तकांत बहुधा एक ओळही नसते. वृक्ष पाडला म्हणजे इमारती लाकूड मिळाले असे आपण समजतो. वस्तुतः तेथे कामाला केवळ आरंभ होतो.

सागाची गोष्ट तर वृक्ष पाडण्याच्याही आधी सुरू होते. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात आणि मलबारात अशी रीत होती की, उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि त्याखालचे कोवळे लाकूड कंकणाकृती छेदून काढावयाचे. मुळांतून वर जाणारा रस तुटला की झाड उभ्याउभ्याच वाळते. दोन-तीन वर्षांनी ते पाडले म्हणजे ओंडका हलका होतो आणि नदीवर तरंगतो.

ओंडका कामाच्या जागी आला की प्रथम वाकसाने त्याच्या बाजू तासून तो चौकोनी करीत. मग रंगात बुडविलेली दोरी ताणून त्यावर सरळ रेघा उठवीत. त्यानंतर करवतीचे काम. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवावयाचा. एकाने वर उभे राहावयाचे, दुसऱ्याने खाली. वरच्याने करवत रेघेवर राखावयाची, खालच्याने ती जोराने ओढावयाची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत आणि नाकातोंडात दिवसभर भुसा पडत असे. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो. त्यामुळे करवतीचे दाते लवकर बोथट होत आणि वारंवार कानशीने घासावे लागत. जहाजाच्या बाजूची एकेक लांब फळी अशी दोन माणसांच्या श्वासावर मोजून निघत असे.

कापणीतही शहाणपण लागे. लाकूड वाळताना आक्रसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. वर्षवलयांच्या वळणाला धरून ते जितके आक्रसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आक्रसते. म्हणून वलयांना काटकोनात कापलेली फळी सपाट राहते. वलयांना स्पर्शून कापलेली फळी वाकते. मात्र पहिल्या रीतीत लाकूड अधिक वाया जाते. काटकसर करावी की टिकाऊपणा साधावा, हा निर्णय करवत लावण्यापूर्वीच घ्यावा लागे.

नंतर लाकूड मुरविणे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रीतीने, सावलीत थप्पी रचावयाची. टोकांतून ओलावा फार लवकर जातो व तेथे तडे पडतात, म्हणून टोकांना शेण किंवा डांबर लावावयाचे. जाडीच्या प्रत्येक इंचास एक वर्ष, असा जुन्या सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. पावसाळे मोजण्याचा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती चांगले लाकूडही वाया जाते.

एवढ्या कष्टांचे फळ मोठे होते. सागातील तेलामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात ते सुरक्षित राहतात. म्हणूनच इंग्रजांना ओकची टंचाई भासली तेव्हा त्यांच्या आरमाराने मुंबईच्या वाडिया कारागिरांकडून जहाजे बांधून घेतली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

परंतु या कौशल्याचा दुसरा जमाखर्च रानात मांडला गेला. गोद्यांची भूक रानाच्या वाढीपेक्षा मोठी निघाली. साग पोसण्यास दोन पिढ्या जातात, तो पाडण्यास एक दिवस पुरतो. अखेर मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली, आणि मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. कुऱ्हाडीला मर्यादा हवी, हे राज्यकर्त्यांना लाकूड संपू लागल्यावर सुचले.

दमणच्या त्या नौकेने १८४५ साली गोव्याहून लिस्बनला पहिला प्रवास केला आणि तेहेतीस वर्षे समुद्र पाहिला. पुढे ती गरीब मुलांच्या शिक्षणाचे स्थान झाली. १९६३ साली तिला आग लागली आणि ती तागुसच्या चिखलात रुतून पडली. जवळजवळ तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, तिचा सांगाडा वर काढण्यात आला. दुरुस्ती होऊन १९९८ साली ती लोकांना पुन्हा पाहावयास मिळाली. आग, पाणी आणि चिखल सोसूनही उद्धार करावा इतके लाकूड शिल्लक होते, हीच त्या करवतकाऱ्यांची खरी प्रशस्ती.

तिच्या बांधणीच्या पोर्तुगीज कागदांत यादो सेमोगी असे एका हिंदू मुख्य कारागिराचे नाव आढळते. तेही परक्या लिपीत वळण बदललेले. खड्ड्यात उभे राहून करवत ओढणाऱ्यांची नावे जहाजाबरोबर चालत आली नाहीत. नगर हवेलीच्या मुलांना आपल्या रानाचा इतिहास शिकविताना राजाराणीच्या नावाची ही नौका अवश्य सांगावी. पण तिच्यातील फळी कोणी कापली, हा प्रश्नही त्यांना विचारावयास शिकवावे.