परभणी जिल्ह्यातील फटफटी: बुलेटपासून क्रूझरपर्यंत

क्रूझर म्हणजे बसायला बुटकी, अंगाने लांब आणि जड, हँडल उंच व मागे झुकलेले, पाय पुढे टाकून तासन्‌तास एका चालीने चालवायची मोटारसायकल. हा घाट अमेरिकेतल्या लांब, सरळ रस्त्यांवर घडला. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांनी तो रूढ केला. परभणी जिल्ह्याच्या रस्त्यांवर या घाटाच्या गाड्या दिसू लागल्या त्या एकविसावे शतक उजाडल्यावर. पण जड फटफटी बाळगणे, ती उघडून दुरुस्त करणे आणि चार मित्रांनी मिळून ती लांबच्या वाटेला काढणे ही रीत मराठवाड्यात त्याच्या कितीतरी आधीची आहे. ती रॉयल एनफिल्डच्या बुलेटने लावली, म्हणून इथल्या क्रूझरचा इतिहासही बुलेटपासूनच सुरू करावा लागतो.

सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या गावांचे मोंढे कापसाच्या गाठींनी भरू लागले. रुळापासून दूर असलेल्या जिंतूर, पाथरी, सोनपेठच्या माणसाला मात्र बैलगाडी, दमणी नाहीतर घोडे एवढाच आधार. संस्थानाने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. पण परभणीची जमीन काळी, पाऊस पडला की चाकाला धरून ठेवणारी. पक्की सडक सोडून शिवाराकडे वळले की पांदण लागे, आणि पांदणीत बस जात नसे. दुचाकीला इथे पुढे जे महत्त्व आले त्याचे मूळ या भूगोलात आहे. मुक्कामाचे गाव आणि मळ्यावरचा आखाडा यांच्यातले चार-सहा किलोमीटर अंतर रोज कापायचे, तालुक्याचा आठवडी बाजार गाठायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचे, ही गरज कायमची होती.

संस्थानी काळात मोटारसायकल म्हणजे विलायतेहून आलेली वस्तू. ती सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यात नव्हती. चित्र बदलले ते मद्रासमुळे. रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधील रेडिच गावची कंपनी. तिने बुलेट हे नाव १९३० च्या दशकाच्या आरंभी वापरात आणले. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती आणि निवड ३५० सीसीच्या बुलेटची झाली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे कारखाना निघाला. आधी इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जात. १९५७ मध्ये ते भाग घडवण्याची यंत्रसामग्रीच इकडे आली आणि १९६२ च्या सुमारास संपूर्ण गाडी भारतात बनू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र जवळपास त्याच इंजिनावर आणखी चार दशके निघत राहिली.

लष्कर आणि पोलीस यांच्यामुळे बुलेट देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. खात्याने मोडीत काढलेल्या गाड्यांचे लिलाव होत आणि त्या लिलावांतून ती ऐपतदार शेतकरी, ठेकेदार, आडते यांच्या दारात आली. ग्रामीण महाराष्ट्रात बुलेट असणे हे वजनदार माणसाचे लक्षण ठरले. जमिनीचा, पदाचा आणि बुलेटचा उल्लेख एकाच दमात होई. यात मिरवणे होतेच, पण गाडीचा उपयोगही खरा होता. तीन माणसे, मागे बियाण्याची पिशवी, पुढे टाकीवर पोर आणि खडबडीत रस्ता, एवढा भार ती बिनतक्रार ओढी.

तिच्या जोडीला आणखी दोन गाड्या होत्या. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १९६० च्या दशकात आली. टू-स्ट्रोक इंजिन, साधी रचना, कमी किंमत. खेड्यापाड्यांतल्या दूधवाल्यांनी तिला आपलेसे केले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि १९७३ नंतरची येझदी ही तरुणांची आवडती. जावाची किक मारायची आणि तोच दांडा पुढे ढकलून गिअर बदलायचा, ही तिची खुबी. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एका लिटरमध्ये ऐंशी किलोमीटरचा हिशेब घरोघर होऊ लागला. त्या हिशेबात जड गाड्या मागे पडल्या. पण ज्यांच्याकडे बुलेट होती त्यांनी ती सहसा मोडीत काढली नाही, आणि याचे श्रेय मिस्त्रींना द्यायला हवे.

बुलेटचे जुने इंजिन बिडाचे होते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे लांब, संथ ठोका देणारे यंत्र. गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. ती सुरू करणे हीच एक विद्या होती. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळूहळू खाली न्यायची, हेडलाइटच्या टोपावरच्या अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की खटका सोडायचा, किक पुन्हा वर आणायची आणि मग अंगाचा पूर्ण भार टाकायचा. पॉइंट चुकीचे बसवले असतील तर किक उलटी फिरे आणि नडगी फोडी. त्यामुळे बुलेटवाल्याला इंजिनाच्या आत काय चालले आहे याची जाण ठेवावीच लागे. नव्या गाडीच्या मालकाला तशी गरज पडत नाही.

मिस्त्रीचे काम हात आणि कान यांवर चाले. टॅपेट बसवताना तो झाकण काढून पुशरॉड दोन बोटांत धरी. रॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, एवढीच कसोटी. पॉइंटमधली फट तो पत्तीने मोजे, कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू ठोक्याचा आवाज ऐकून फिरवी. क्लचच्या डब्यातून आणि रॉकरच्या झाकणाखालून तेल गळणे हे बुलेटचे जन्माचे दुखणे. त्यावर गॅस्केटला लावायच्या चिकट द्रवापासून घरी कापलेल्या कागदी गॅस्केटपर्यंत नाना उपाय चालत. इंजिन धूर देऊ लागले की बोअर घासून मोठा करायचा आणि वाढीव मापाचा पिस्टन टाकायचा. ही मापे वीस, चाळीस, साठ अशी बोलली जातात, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. साठही संपले की नवी स्लीव्ह. हे काम लेथवर होई आणि शेतीच्या गावात लेथ असेच, कारण शेतीपंपांची इंजिने आणि ट्रॅक्टर यांचीही दुरुस्ती त्यावरच होत असे. शेतीच्या यंत्रांनी तयार केलेल्या या कारागिरीवर बुलेट जगली. तिच्या इतिहासात ही बाजू फारशी लिहिली गेलेली नाही, ती लिहिली जायला हवी.

सुट्या भागांची वाट लांबची होती. जे गावात मिळत नसे ते औरंगाबाद, नांदेड किंवा हैदराबादहून मागवावे लागे. पुण्याची नाना पेठ आणि दिल्लीचे करोल बाग ही त्याहून मोठी ठिकाणे. म्हणून जुना मालक लांब निघताना क्लचची आणि ॲक्सिलरेटरची वायर, प्लग, कंडेन्सर, पॉइंटचा जोड आणि चेनलॉक बरोबर बांधूनच निघे.

याच काळात एक वेगळी बुलेट आली. १९९० च्या दशकात एनफिल्डची डिझेलवर चालणारी गाडी बाजारात होती. ३२५ सीसीचे इंजिन, ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. पण एका लिटरमध्ये ती सत्तरहून अधिक किलोमीटर जाई, आणि ज्या घरी पंपासाठी डिझेलचा डबा आधीच भरलेला असे तिथे हा हिशेब सहज पटे. तिचा धूर मात्र नव्या प्रदूषण नियमांत बसला नाही.

खऱ्या क्रूझरची गोष्ट मराठवाड्याला दुसऱ्याही अंगाने जवळची आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये औरंगाबादजवळच्या वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या या प्रदेशात दुचाकी बनवणाऱ्या कामगारांची एक पिढी तयार झाली. याच बजाजने कावासाकीच्या सहकार्याने २००१ मध्ये एलिमिनेटर ही १७५ सीसीची गाडी आणली. थेंबासारखी टाकी, पाठ टेकता येईल अशी मागची बैठक, भरपूर क्रोम. किंमत त्या काळच्या साध्या मोटारसायकलीच्या जवळपास दुप्पट असल्याने ती फार खपली नाही. पुण्याच्या कायनेटिकनेही त्याच सुमारास कोरियाच्या ह्योसंगची अक्विला ही २५० सीसीची क्रूझर थोड्या संख्येने विकून पाहिली. बजाजने २००५ मध्ये एलिमिनेटरच्याच अंगात पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवले, किंमत उतरवली आणि तिला ॲव्हेंजर नाव दिले. २००७ मध्ये ती २०० सीसीची आणि २०१० मध्ये २२० सीसीची झाली. बैठकीची उंची कमी. त्यामुळे बेताच्या उंचीच्या चालकाचेही दोन्ही पाय जमिनीवर पुरे टेकत. परवडणारी क्रूझर म्हणता येईल अशी ही गाडी होती.

एनफिल्डकडेही हालचाल होती. १९९४ मध्ये आयशर समूहाने कंपनी घेतली. २००२ मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने बनवलेल्या ॲल्युमिनियम इंजिनाची थंडरबर्ड आली. बुलेटच्या ठोक्याला क्रूझरची बैठक मिळाली ती इथे. पुढच्या काही वर्षांत गिअर डाव्या पायाशी आला, बटणाचे स्टार्टर आले, इंजिन आणि गिअरबॉक्स एका कवचात गेले. २००९ च्या क्लासिकने जुन्या रूपाची मागणी इतकी वाढवली की गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे. थंडरबर्डची जागा नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० ने घेतली आणि २०२३ मध्ये दोन सिलिंडरांची सुपर मिटिऑर ६५० विक्रीला आली. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये महिंद्राच्या आधाराने परतली. गावात नोकरीचा पगार, सोयाबीनचे पैसे आणि कर्जाचे हप्ते या तिन्हींच्या जोरावर या गाड्या तालुक्याच्या ठिकाणीही दिसू लागल्या.

मित्रांनी मिळून फिरायला निघण्याची परंपरा इथे देवदर्शनातून आली. परभणी शहराच्या एका बाजूला औंढा नागनाथ आणि दुसऱ्या बाजूला, गंगाखेडच्या पुढे, परळी वैजनाथ. दोन्ही ज्योतिर्लिंगे एका दिवसात गाडीने होतात. औंढा तर १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होते, आणि हिंगोलीकडच्या जुन्या गाड्यांवर अजून परभणीचा एमएच-२२ हा क्रमांक आढळतो. श्रावणी सोमवारी औंढ्याचा, नवरात्रात माहूर आणि तुळजापूरचा रस्ता दुचाकींनी भरतो. देवीची ज्योत धावत गावी आणणाऱ्या पोरांच्या मागेपुढे मोटारसायकली असतातच. एक थकला की दुसरा मशाल घेतो आणि पहिला गाडीवर बसतो. गटाने, एका चालीने, कुणाला मागे न सोडता जायची शिस्त या वाटांवर फार आधी लागली.

हौशी क्रूझरस्वारांनी त्याच वाटांना नवी ठिकाणे जोडली. परभणीहून जिंतूर, तिथून नेमगिरीची जैन लेणी आणि पूर्णा नदीवरचे येलदरी धरण, पुढे चारठाण्याची जुनी मंदिरे आणि मंठ्यावरून लोणारचे विवर, ही वाट निम्म्या मराठवाड्याचा इतिहास दाखवते आणि तरीही तिच्यावर गर्दी कमी असते. लांबचा पल्ला म्हणजे वेरूळ-अजिंठा, कोकण, आणि नोव्हेंबरात गोव्याचा रायडर मेनिया हा रॉयल एनफिल्डचा मेळावा, जो आता मोटोव्हर्स नावाने भरतो. हंगाम ठरलेला आहे: मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना हवेवर थंड होणारे इंजिन मांड्या भाजते, आणि काही हिवाळ्यांत परभणीचे किमान तापमान पाच अंशांखाली जाते. त्यामुळे पाऊस सरल्यावरचे दोन महिने आणि संक्रांतीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. पूर्वी पांदणीचा चिखल अडवी, आता काही ठिकाणी नियम अडवतो: जालन्यावरून गेलेल्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, म्हणून स्वारांचा भर जुन्या कल्याण–निर्मल मार्गावर आणि जालना–जिंतूर रस्त्यावर राहतो.

गाडी सजवण्याच्या हौसेलाही कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व आणखी स्पष्ट केले. लेगगार्ड, सामानाची पिशवी, पाठीचा टेकू, रंग यांना वाव आहे. रंग बदलला तर त्याची नोंद करावी लागते. फटाक्यासारखा आवाज काढणारा सायलेन्सर मात्र सरळ गुन्हा ठरतो, आणि राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. बुलेटचा मूळ ठोका संथ आणि खोल आहे. त्याची जागा फटाक्याने घेणे हा त्या यंत्राचाही अपमान आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. इंधनाची मात्रा संगणक ठरवतो, आणि दोष शोधायला कानाऐवजी यंत्र जोडावे लागते. हे यंत्र आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आले, मग हळूहळू गावातल्या तरुण मिस्त्रींकडे. पंधरा वर्षे उलटलेल्या बिडाच्या बुलेटला दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. अशा गाड्यांचे काम ज्याला येते तो मिस्त्री परभणीत असो वा गंगाखेडात, त्याच्याकडे शेजारच्या जिल्ह्यांतूनही गाड्या टेम्पोत घालून आणल्या जातात.