विस्तव, हिम आणि अबकारी

आंबवलेल्या पेयातील मद्यांश वाढवावयाचा तर त्यातील पाणी कोणत्या ना कोणत्या उपायाने वेगळे करावे लागते, आणि तो उपाय कोणता असावा हे पुष्कळ अंशी त्या त्या प्रदेशाच्या हवामानाने ठरविले आहे. पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते, शुद्ध मद्यार्क मात्र उणे ११४ अंशांपर्यंत द्रवरूप राहतो. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील वसाहतवाले सफरचंदाचा आंबवलेला रस कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवून जमलेला बर्फ काढून टाकीत, आणि जर्मनीत याच रीतीने 'आइसबॉक' ही तेज बिअर सिद्ध झाली.

बालाघाटाच्या डोंगररांगा ज्यातून जातात त्या बीड जिल्ह्याला असे हिम कोठले? येथे तेच कार्य विस्तवाने केले. मोहाची वाळलेली फुले किंवा गूळ पाण्यात घालून सडवा आंबला, की तो मडक्यात घालून चुलीवर चढवीत, सांधे चिखलाने लिंपून वाफ नळीवाटे गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवीत, आणि पहिल्या धारेचा थेंब विस्तवावर टाकून त्याची ज्वाळा पाहत. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, तेव्हा पाण्याच्या आधी त्याची वाफ निघते. शीतप्रयोगात पाण्याखेरीज बाकी सारे, बरे आणि वाईट, एकाच भांड्यात साठते. भट्टीवर आरंभीचा आणि अखेरचा अंश बाजूला काढता येतो. कसबी कलालाचे, म्हणजे दारू गाळणाऱ्याचे, खरे ज्ञान या निवडीतच होते.

परंतु याच भट्टीमुळे हा धंदा सरकारच्या हाती सापडला. गोठविण्याला धूर नाही आणि वास नाही. भट्टीला सरपण, पाणी व मुबलक वेळ लागतो, आणि तिचा माग कोणालाही काढता येतो. बीड ज्यात येते त्या निजामाच्या अमलाखालील मराठवाड्यात अबकारी, म्हणजे मद्यावरील कर, हे महसुलाचे एक मोठे कलम होते: मोहाच्या दारूचा मक्ता लिलावाने दिला जाई, आणि शिंदीच्या झाडांवर वेगळा कर असे. ज्या मद्याला भट्टीचा स्पर्शही होत नसे ते शिंदीचे ताजे पेयसुद्धा अशा रीतीने झाडामार्फत हिशेबात येई. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड मुंबई राज्यात आले, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे येथेही लागू झाला. मक्त्याची परवानगी असलेली भट्टी आणि रानात लपलेली 'हातभट्टी' यांत जो भेद होता, तो कौशल्याचा फार थोडा आणि सनदेचा फार मोठा होता.

या विषयाकडे केवळ व्यसन म्हणून पाहणाऱ्यांचे दुःख मला समजते, कारण दारूने उद्ध्वस्त केलेली घरे या जिल्ह्यात थोडी नाहीत. तरीही जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याने महसुलाच्या आकड्यांबरोबर त्या आकड्यांमागील कारागिरीचीही नोंद केली पाहिजे. अन्यथा ज्यांच्या श्रमांवर सरकारची तिजोरी भरली, ती माणसे गुन्हेगारांच्या यादीखेरीज कोठेच सापडणार नाहीत.